कॉम्प्युटरचा दसरा

दसरा जवळ आला की आमच्या घरात पळापळ सुरू होते. पितृपक्ष अर्ध्यावर आला, वाकळा दोरीवर चढल्या, माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरली, की नात गुपचूप तिचा लॅपटॉप उचलते आणि शेजारी माझ्या धाकट्या जावेच्या घरी नेऊन ठेवते. सून मोबाइल कमरेला खोचून हिंडते. मुलगा टीव्हीसमोर खुर्ची टाकून बसतो, पेपर वाचायचं सोंग करत. मी मुद्दाम ओलं फडकं खांद्यावर टाकते, टीव्हीच्या मागं वाकून बघते आणि म्हणते, “इथं लई धूळ बसलीया गं.” मग मुलाचा चेहरा बघत राहते. या वयात एवढी करमणूक तर पाहिजेच.

हसतात सगळे. मीही हसते. फक्त जाऊ तो लॅपटॉप हातात घेते तेव्हा ती माझ्याकडं बघत नाही आणि मी तिच्याकडं बघत नाही.

आमच्याकडं घट बसायच्या आधी घर आढ्यापासून उंबऱ्यापर्यंत झाडतात, सारवतात, आणि घरात जे जे म्हणून आहे ते धुऊन काढतात. अंथरूण, पांघरूण, भांडी, डबे, पाटा-वरवंटा, देव्हारा, सगळं. त्याला ‘दसरा काढणं’ म्हणतात. भादव्यात दोन बाया भेटल्या की पहिला प्रश्न हाच, “काढला का दसरा?” ज्या बाईचा निघाला नाही ती ओशाळते, जिचा निघाला ती मान वर करून चालते. मी कायम मान वर करून चालणाऱ्यांतली. गल्लीत पहिला दसरा माझा निघायचा. अशी ही बया. तिला कुणीतरी कॉम्प्युटर दिला.

ज्या सालची गोष्ट सांगते त्या साली पाऊस सलग दुसऱ्यांदा दगा देऊन गेला होता. आमचं गाव धारूरच्या डोंगराखाली. विहिरी भर पावसाळ्यात तळ दाखवत होत्या. टँकर यायचा, गावच्या आडात पाणी सोडायचा, आणि आम्ही बाया दोर-पोहरा घेऊन भोवती उभ्या राहायचो. घराला जेवढ्या कळशा ठरल्या तेवढ्याच. अंघोळीचं पाणी परातीत धरायचं, त्यात धुणं, आणि धुण्याचं पाणी परसातल्या शेवग्याला. भांडी राखेनं कोरडी घासायची. गडीमाणसं तर तोंडावर ओला हात फिरवला की अंघोळ झाली म्हणायची.

अशात आम्ही बायांनी दूध संस्था चालवली होती. दूध तरी किती? ज्या घरची म्हैस अजून उभी होती त्या घरचं तांब्याभर. ते गोळा करून शेजारच्या गावच्या केंद्रावर न्यायचं. तिथं मापाला बसलेला बाप्या आमच्या दुधात काचेची नळी सोडायचा, ओठ वाकडा करायचा आणि म्हणायचा, “पाणी हाय.” झालं, भाव खाली. नळीवर काय दिसतं ते आम्हाला बघू द्यायचा नाही. एकदा आमच्या गल्लीतल्या मावशी तिथं गेल्या होत्या. मावशींचं वय तेव्हा आज माझं आहे तेवढं. एकट्या राहायच्या, एका म्हशीवर संसार. त्या कमरेवर हात ठेवून कडाडल्या, “आरं मुडद्या, दुधात घालाया पाणी आसतं तर आमी पेलो नसतो का?”

केंद्रावरची माणसं हसली, पण भाव काही वर चढला नाही.

मग दूध संघाचे एक साहेब आले. म्हणाले, तुमच्या संस्थेला आधी एक कॉम्प्युटर देतो. रोजचं दूध त्यात भरा, तो नीट सांभाळा. चांगला सांभाळलात तर घट बसायच्या आत त्याला जोडायचं दूध तपासणीचं यंत्र देतो. मग तुमचं दूध तुमच्याच गावात, तुमच्याच डोळ्यांसमोर तपासलं जाईल. यंत्रावर आकडा उमटेल तो खरा.

या यंत्राची सगळ्यांत जास्त वाट बघत होती ती माझी धाकटी जाऊ. आमच्या वाटण्या झालेल्या, पण घरं भिंतीला भिंत लागून. माझे मालक शाळेत कारकून, म्हणजे पाऊस पडो न पडो, आमची चूल पेटायची. तिचा नवरा उसाच्या तोडीवर जाणारा. दसरा झाला की मुकादमाचे ट्रक यायचे आणि नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता व्हायचा. जाऊ लग्न होऊन आली त्या सालापासून दर साली जायची, लेकरू झाल्यावर लेकरू पाठीशी बांधून. त्या साली तिची पोर नुकतीच पहिलीत बसली होती.

“अक्का,” ती म्हणाली, “दुधाला खरा भाव मिळाला तर मी ह्या साली जात न्हाई. दोन म्हशी हायत्या माझ्या. हे जातील अर्धा कोयता म्हनून दुसऱ्याच्या संगं. पोरीची शाळा तर ऱ्हाईल.”

“येतंय यंत्र,” मी म्हणाले. “मी हाय ना.”

मी हाय ना! हे तीन शब्द आठवले की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात.

कॉम्प्युटर माझ्याच घरी बसला, कारण घरावर स्लॅब होता आणि मी बारावी झालेली, संस्थेची सचिव. त्याच्यावर मी क्रोशाची झालर घातली. ओसरीबाहेर चपला काढायला लावल्या. धारूरला आम्हा संस्थांच्या सचिवांना दोन दिवस शिकवलं, शेवटी एक पेटी दिली. पेटीत फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, मऊ केसांचा ब्रश, धूळ उडवायची रबरी फुंकणी, एक साधं शाळेतलं खोडरबर, दोन सीड्या आणि एक छोटी पांढरी ट्यूब. शिकवणारे सर भरभर सांगत होते. महिन्याला झाकण उघडून कोरड्या ब्रशनं धूळ काढा. आतली पट्टी सैल झाली तर काढून तिचे पितळी दात खोडरबरानं पुसा. या सीडीनं वायरस मारा, त्या सीडीवर आपल्या कामाची नक्कल काढून ठेवा. “आणि ही ट्यूब,” ते म्हणाले, “ही उष्णता ओढून घेते. फार गरम होत असेल तर लावायची, पण अगदी थोडी.” कुठं लावायची तेही म्हणाले असतील. मी तेव्हा शेजारणीच्या काठापदराच्या साडीचा भाव विचारत होते.

गावात आल्यावर माझं काय वर्णन करावं. डोळ्याला चष्मा नव्हता तरी लावावासा वाटायचा. संध्याकाळी बाया दूध घालायला आल्या की मी मुद्दाम सरांनी दाखवलेलं, कॉम्प्युटरच्या आतली आवराआवर करणारं सॉफ्टवेअर चालू करायची. पडद्यावर निळे, लाल, पांढरे चौकोन इकडून तिकडं सरकायचे, वाकळेची ठिगळं कुणी पुन्हा लावून बसवावीत तसे. बाया तोंडाला पदर लावून बघत बसायच्या.

“काय चाललंय गं आत?” मावशी विचारायच्या.

“झाडलोट.”

“आन झाडतंय कोन?”

“माझं मीच.”

“हात तर मांडीवर हायत तुझे.”

बाया खुदखुदायच्या. मी ओठ घट्ट मिटून पडद्याकडं बघायची, जसं काही माझ्याच नजरेच्या धाकानं ते चौकोन सरकत होते. कॉम्प्युटरमधली कचऱ्याची टोपली मी दिवेलागणीच्या आत रिकामी करायची. घरात कचरा ठेवून दिवा कसा लावायचा? तिच्यातून कधी काही परत काढायचं असतं, हे कळायला मला पुढं बरंच नुकसान सोसावं लागलं. पण ते नुकसान किरकोळ, आपण ठोक मालाकडं येऊ.

भादवा सरत आला. दुष्काळाची धूळ वेगळीच असते. ती बसत नाही, ती मुरते. कॉम्प्युटर घरघरायला लागला, दम्याच्या म्हाताऱ्यासारखा. साहेब घट बसायच्या दोन दिवस आधी येणार होते. गल्लीत सगळीकडं दसरा निघत होता. मी अख्खं घर काढलं, आणि मग माझी नजर झालरीखालच्या त्या डब्यावर गेली. साहेब येणार, झाकण उघडून बघणार, आणि आत एवढी धूळ? माझ्या घरात?

कोरडा ब्रश म्हणाले होते सर. पण कोरड्यानं कधी दसरा निघतो का?

पाणी नव्हतं. आमच्या वाटणीच्या कळशा वाकळांनीच संपवल्या होत्या. मी आडावर गेले. मावशी आपली शेवटची कळशी भरून दोर गुंडाळत होत्या.

“मावशी, आज तुमची कळशी द्या ना. संस्थेच्या कामाला पाहिजे.”

“क्यान धुवायचेत का?”

मी नुसती मान हलवली. हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही.

मावशींनी कळशीकडं बघितलं. मला दिसलं, त्या मनात काहीतरी वजा करत होत्या. मग म्हणाल्या, “घे बाई. संस्थेचं हाय तर घे. म्हशीला सांजच्याला बघू.” आणि स्वतःच कळशी उचलून माझ्या कमरेवर ठेवली.

त्या कळशीत मी काय काय धुतलं ते आज सांगताना नात पोट धरून हसते, आणि मीही रंगवून सांगते. बटणांची पाटी रिठ्याच्या पाण्यात बुडवून काढली. उंदराला, म्हणजे त्या माऊसला, शेपटीला धरून दोनदा अंघोळ घातली. डब्याचा पत्रा चिंचेनं घासला. आत हिरव्या पाटीवर एक पंखा होता आणि पंख्याखाली पत्र्याच्या पात्यांची जाळी. जाळी धुळीनं बुजून गेली होती. मी खटके दाबून पंखा आणि जाळी काढली, नळाखाली धरावी तशी पाण्याखाली धरली. जाळीच्या बुडाला आणि खालच्या चौकोनी चकतीला पांढरं काहीतरी फासलेलं होतं, पालीनं घाण करावी तसं. शी! ते मी आधी नखानं खरवडलं, मग चिंच-मीठ लावून घासलं. चकती अशी लखलखली की कल्हई केल्यासारखी. हिरव्या पाटीवरून मात्र नुसतं पिळलेलं फडकं फिरवलं. म्हणजे बघा, अक्कल अगदीच नव्हती असं नाही.

सगळं अंगणात चादरीवर वाळत घातलं, सांडग्यांसारखं. कावळा बसू नये म्हणून जाऊ राखणीला बसली. “अक्का, किती सोच्छ केलंत,” ती कौतुकानं म्हणाली. “साहेब बघतच ऱ्हातील.”

उन्हात खडखडीत वाळल्यावर पुन्हा जोडलं. तीन स्क्रू उरले. ते मी हळद-कुंकवाच्या करंड्यात ठेवून दिले.

चालू झाला! खरंच झाला. घरघर बंद, पंखा गुळगुळीत फिरतोय. बटणांच्या पाटीवर दोन-तीन अक्षरं दाबली तर उमटत नव्हती, पण ती फारशी लागणारी नव्हती. मी गालातल्या गालात हसत दूध भरायला बसले. आणि चहाला आधण येईल एवढ्या वेळात पडदा काळा झाला.

पुन्हा चालू केला, पुन्हा बंद. डब्याला हात लावला तर आत तापलेला. तापलाय म्हणताच मला सरांची ट्यूब आठवली. उष्णता ओढून घेते! पेटी उघडली. आत ट्यूब नव्हती.

ती कुठं गेली ते मला चांगलं माहीत होतं.

आमच्या मालकांना उष्णतेचा त्रास. तळपायांची आग व्हायची. आग वाढली की मी त्यांच्या तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीनं घासायची, वाटी काळी पडली की उष्णता निघाली म्हणायचं. त्या साली तूप कुठलं आणायचं? दुधाचा थेंबन् थेंब संस्थेला जात होता. आणि ट्यूब तर खुद्द सरांनी दिलेली, उष्णता ओढणारी. मी सगळी पिळून त्यांच्या दोन्ही तळपायांना लावली आणि काशाच्या वाटीनं घासली. वाटी अशी काळीकुट्ट झाली की मी घाबरलेच. “किती उष्णता होती हो तुमच्या अंगात!” मी म्हणाले. ते म्हणाले, “गार वाटतंय.” वर दोन दिवस पाय सिमेंट लावल्यासारखे करडे घेऊन शाळेत गेले.

धारूरला जाऊन दुसरी ट्यूब आणता आली असती. एस.टी. रोज होती. पण तिथं जाऊन सरांना काय सांगायचं? पहिली नवऱ्याच्या पायाला लावली? मला ते तोंडातून काढवेना. मी ठरवलं, साहेब येतील तेव्हा थोडाच वेळ चालवून दाखवायचा, आणि बंद पडलाच तर आहे की आपली लाईट. तेव्हा दिवसातनं कितीदा लाईट जायची याचा हिशोब कुणी ठेवत नव्हतं. चांगलं कारण घरबसल्या मिळालं होतं. आठवडाभर मी तेच केलं. दूध भरता भरता पडदा काळा झाला की म्हणायची, “गेली बघा मेली लाईट!”

पण डोक्यावरचा पंखा फिरत असायचा. तो फिरायचा थांबला पाहिजे. मेन स्विच मधल्या दाराच्या मागं होता. मी जावेला सगळं खरं सांगितलं. ट्यूबचं सोडून.

“मी खोकले की तू मेन स्विच वढायचा.”

“आन साहेबाला कळलं तर?”

“तुला ट्रकात बसायचंय का?”

तिनं पदर कमरेला खोचला. म्हणाली, “वढते.”

साहेब आले ते जीप घेऊन. जीपच्या मागच्या सीटवर एक मोठं खोकं दोरीनं बांधलेलं होतं. जाऊ दारातूनच ते बघून आत आली आणि माझ्या कानाला लागली, “अक्का, आनलंय. आनलंय त्येनी.” ती दाराआड जाऊन उभी राहिली. संस्थेच्या सगळ्या बाया ओसरीत बसल्या, मावशी पुढं. मालक शाळेतून मुद्दाम लवकर आले होते आणि भिंतीशी अनवाणी उभे होते.

कॉम्प्युटर चालू झाला. मी भरभर आकडे दाखवत होते. साहेबांना मात्र काहीच घाई नव्हती. झालर उचलून बघितली, डब्याच्या चकाकत्या पत्र्यावरून बोट फिरवलं. “व्वा,” ते म्हणाले. “तालुक्यात इतका स्वच्छ कॉम्प्युटर मी पाहिला नाही.” मग चहा आला. चहाबरोबर त्यांच्या गप्पा आल्या. मी चोरून डब्याला हात लावून बघत होते, डबा तापत चालला होता.

“बरं का बायांनो,” साहेब कप ठेवत म्हणाले, “यंत्र आणलंय. आजच जोडून देतो.”

बायांत एकच गलका झाला. आणि नेमका तेव्हा पडदा काळा पडला.

“गेली बघा लाईट!” मी ओरडले आणि खोकले. पंखा फिरतोय. पुन्हा खोकले. पंखा फिरतोय. दाराआड जाऊ दोन्ही हात जोडून, डोळे मिटून उभी होती. यंत्र आलं म्हणून देवाचे आभार मानत होती बिचारी. मी तिसऱ्यांदा अशी खोकले की मावशी म्हणाल्या, “पानी दे गं कुनी हिला.” तेव्हा जावेला जाग आली. खट्! पंखा थांबला.

साहेबांनी पंख्याकडं बघितलं, काळ्या पडद्याकडं बघितलं, मग दाराकडं. “आधी कॉम्प्युटरची लाईट जाते आणि मग पंख्याची?” ते म्हणाले. “बाई, बाहेर या.”

जाऊ बाहेर आली. पदर तोंडात.

“स्विच लावा.”

तिनं स्विच लावला. वर पंखा पुन्हा गती घ्यायला लागला.

साहेबांनी पेटी मागितली, स्क्रू ड्रायव्हर घेतला, झाकण काढलं. पंखा आणि जाळी उचलली आणि ती लखलखती चकती बघून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

“हे कुणी घासलं?”

मी क्रोशाच्या झालरीची घडी घालायला लागले.

“ह्याच्यावर पांढरा लेप असतो. तो नसला की उष्णता बाहेर जात नाही, हा स्वतःच बंद पडतो. पण काही बिघडलेलं नाही. पेटीतली ती ट्यूब द्या, एवढासा ठिपका लावतो, लगेच चालू होईल. आणि यंत्र जोडून टाकू.”

जावेनं पदर तोंडातून काढला. तिचा चेहरा असा उजळला की मला तो आजही बघवत नाही.

“ट्यूब,” साहेब म्हणाले.

साहेबांनी पेटी उलटी केली. फुंकणी पडली, खोडरबर पडलं.

“कुठाय ट्यूब?”

तेव्हा भिंतीशी उभे असलेले आमचे मालक, आयुष्यात कधी सभेत न बोललेले, हळूच म्हणाले, “साहेब, ती... माझ्या पायाला लावली.” आणि पुरावा म्हणून एक पाय थोडा उचलला.

पहिल्यांदा कोण हसलं कळलं नाही. मग सगळी ओसरी हसत सुटली. साहेब हसले, त्यांचा ड्रायव्हर दारात येऊन हसला. मला वाटलं, आता ही फरशी दुभंगावी. साहेब हसता हसता बटणांची पाटी हातात घेऊन हलवत होते. तिच्यातून रिठ्याचा वाळलेला फेस भुरभुर पडला. “आणि हे काय? पाण्यानं धुतली?”

मावशींचं हसू थांबलं. त्यांनी त्या पाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“माझी कळशी व्हती ती?”

“मावशी...”

“केंद्रावर त्या मुडद्याशी मी भांडले, दुधात घालाया पानी न्हाई म्हनून,” मावशी म्हणाल्या, अगदी सावकाश. “आन तू कॉम्प्युटरात घातलंस व्हय गं?”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या बघत राहिल्या, आणि मग त्यांनाच हसू आलं. “म्हस तहानली ऱ्हायली माझी आन ह्याची आंगुळ झाली,” त्या डब्याकडं बोट दाखवून म्हणाल्या. बाया पुन्हा हसल्या. मावशी हसल्या म्हणूनच मला त्या दिवशी कुणी काही बोललं नाही.

साहेब वाईट माणूस नव्हते. पण चालू नसलेल्या कॉम्प्युटरला यंत्र जोडणार कसं? बटणांची पाटी नवी लागणार, डबा बीडला न्यावा लागणार. “दिवाळी झाल्यावर पुढच्या फेरीत बघू,” ते म्हणाले. डबा जीपमध्ये खोक्याच्या शेजारी ठेवला. जीप वळली तेव्हा मागच्या काचेतून ते खोकं दिसत होतं. जाऊ ते दिसेनासं होईपर्यंत उभी राहिली. मग आत येऊन तिनं चहाचे कप गोळा केले आणि राखेनं घासायला बसली. माझ्या घरातले कप.

“ऱ्हाऊ दे गं,” मी म्हणाले.

“कावून? झालेत की,” ती म्हणाली.

दसरा झाला. ट्रक आले. जावेनं म्हशी मावशींकडं सांभाळायला दिल्या. ट्रकात पाटे, ताडपत्र्या, कोंबड्या, लेकरं, सगळं एकावर एक चढलं. तिची पोर पाटी-दप्तर घेऊनच वर चढली होती, कुणी काढून घेऊ नये म्हणून छातीशी धरून. मी खाली उभी. भाकरीचं गाठोडं वर दिलं.

जावेनं ते घेतलं आणि वरून वाकून म्हणाली, “अक्का, मी येस्तवर मेन स्विच तुमीच बघा.”

ट्रकातल्या बाया हसल्या. तिला माझं ओझं कमी करायचं होतं, मला कळत होतं. मी तिथं हसले आणि घरी येऊन चुलीपुढं बसून राहिले. मालक पाय पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसले होते, जसा काही गुन्हा पायांनीच केला होता.

यंत्र आलं, दिवाळीनंतर. बायांनी ठराव केला की कॉम्प्युटर आणि यंत्र मावशींच्या ओसरीत बसेल. दूध मी भरावं, पण हत्यारांच्या पेटीला कुलूप राहील आणि किल्ली मावशींच्या कमरेला. मी फुंकणी मागितली की मावशी विचारायच्या, “कोरडं का वलं?” मी “कोरडं” म्हटल्यावरच किल्ली निघायची. पहिल्या दिवशी मावशींच्या दुधाचा आकडा पडद्यावर उमटला. त्यांना वाचता येत नव्हतं. “पानी किती दावतंय?” त्यांनी विचारलं. “काहीच न्हाई, मावशी.” “मंग मोठ्यानं सांग की,” त्या म्हणाल्या. मी मोठ्यानं सांगितलं. जावेच्या म्हशींचाही आकडा तसाच निघायचा. तो ऐकायला ती नव्हती. ती कारखान्याच्या वावरात मोळ्या बांधत होती.

उन्हाळ्यात ती परत आली. पोरीचं वर्ष गेलं होतं. पुन्हा पहिलीत बसवली. प्रार्थनेच्या रांगेत तिचं डोकं बाकीच्या पोरींपेक्षा वर दिसायचं. मालक शाळेतून आले की मी विचारायची, “आली होती का?” ते म्हणायचे, “आलती.”

त्यानंतर जाऊ ट्रकात चढली नाही. दुधावर तिचं भागलं. संस्था वाढली, मावशी गेल्या, तो कॉम्प्युटर भंगारात गेला. पोरगीही शिकली, बरी शिकली, एक वर्ष उशिरा.

नातवंडं मला म्हणतात, आता लॅपटॉपला असलं काही लावावं लागत नाही, आजी. असेल. तरी अंबाजोगाईला कुणी निघालं की मी एक ट्यूब मागवते. जुनी वाळते, नवी येते. देव्हाऱ्याच्या खणात काशाच्या वाटीशेजारी ठेवलेली असते.

परवाही नात लॅपटॉप घेऊन तिकडं गेली. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून जावेचा आवाज आला. आवाज म्हातारा झालाय, पण खोडी तीच.

“अक्का! ट्यूब हाय का?”

“हाय.”

“कुनाच्या पायाला न्हाई ना लावली?”

“न्हाई गं,” मी म्हणाले. आणि हातातलं ओलं फडकं खाली ठेवून, खण उघडून बघून आले.